जाते, उखळ आणि किल्ल्या : घरसंसाराच्या भाराचा शब्दगत पुरावा

महाराष्ट्राच्या इतिहासाची कागदोपत्री साधने विपुल आहेत. वतने, इनामे, निवाडे, सरंजाम, देवस्थानांचे जमाखर्च यांविषयी पेशवे दप्तरातून आणि खाजगी संग्रहांतून मिळणारी माहिती अद्याप पुरती वाचूनही झालेली नाही. परंतु ज्या घरांत बसून हे कागद लिहिले गेले, त्या घरांत त्या दिवशीचे पीठ कोणी दळले, पाणी किती खेपांत आले, पाहुणे अवचित आल्यावर तांदूळ कसे पुरविले, यांविषयी कागद बहुधा मौन पाळतात. याचे कारण उघड आहे. ज्या कामाचा मोबदला द्यावा लागत नाही, ज्यावर कोणी हक्क सांगत नाही आणि ज्यावरून उद्भवलेला तंटा सरकारदरबारी जात नाही, त्या कामाची नोंद करण्याचे कारकुनास प्रयोजन नसते.

ही उणीव काही अंशी भरून काढणारी तीन साधने आहेत. पहिले, एकोणिसाव्या शतकात वाढलेल्या स्त्रियांनी पुढे लिहिलेली आत्मचरित्रे. दुसरे, जात्यावरील ओव्या. तिसरे साधन म्हणजे घरकामाचा शब्दसंग्रह. पहिल्या दोहोंकडे अभ्यासकांचे लक्ष गेले आहे. तिसऱ्याकडे मात्र कोशकारांखेरीज फारसे कोणी वळलेले दिसत नाही. प्रस्तुत लेखात या तिसऱ्या साधनाचा आधार घेऊन, पेशवाईपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घर चालविणाऱ्या मराठी स्त्रीवरील भाराचे स्वरूप काय होते, याचा विचार करावयाचा आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष आरंभीच सांगून ठेवतो. हा भार दुहेरी होता : एक शरीरश्रमाचा, दुसरा तरतुदीचा. पहिला दिसणारा होता आणि तो पुढे यंत्राने बराचसा उचलला. दुसरा न दिसणारा होता, आणि तो हलका झाला असे समजण्यास पुरेसा आधार नाही.

१. श्रमाचे चक्र

‘जाते’ हा शब्द संस्कृत ‘यन्त्र’ या शब्दापासून प्राकृत ‘जंत’ या रूपाच्या द्वारे आलेला आहे. मराठी घरात यंत्र या नावास पात्र ठरलेली वस्तू एकच होती आणि ती स्त्रीच्या हाताने चालत असे, ही गोष्ट या व्युत्पत्तीतून सहज लक्षात येते. ‘उखळ’, ‘मुसळ’, ‘सूप’, ‘चूल’ हे शब्दही अनुक्रमे ‘उलूखल’, ‘मुसल’, ‘शूर्प’ आणि ‘चुल्ली’ यांपासून आले आहेत. शासनव्यवहारातील शब्द राजवटीबरोबर बदलले, फारशी आले आणि पुढे इंग्रजी आले. परंतु दळणकांडणाचे शब्द कायम राहिले. ज्या कामात साधन बदलत नाही आणि करणारा वर्गही बदलत नाही, तेथे शब्द बदलण्याचे कारण पडत नाही.

दळण रोजचे का होते, याचे कारणही धान्यातच आहे. बाजरीचे पीठ काही दिवस राहिले की कडवट होते. ज्वारीचे पीठ जुने झाले म्हणजे त्याची ‘विरी’ जाते, म्हणजे चिकटपणा नाहीसा होऊन भाकरी थापताना तुटते. त्यामुळे भाकरी खाणाऱ्या देशावरील घरात आठवड्याचे पीठ एकदम दळून ठेवणे सोयीचे नव्हते. घरातील माणसांच्या संख्येप्रमाणे दळणाचा वेळ वाढे आणि तो वेळ पहाटेचाच असे. कारण उजाडल्यावर पाणी, झाडलोट, सडासंमार्जन, गुरांचे शेण आणि स्वयंपाक ही कामे रांगेने उभी असत. कोकणात दळणापेक्षा भात भरडणे, कांडणे आणि तांदूळ सडणे यांचा भार अधिक होता. कोंडा, कण्या आणि तूस हे जिन्नस वेगवेगळे ठेवून त्यांपैकी प्रत्येकाचा उपयोग करणे हाही त्याच कामाचा भाग होता.

पाण्याविषयी बोलताना मुलूख आणि जात या दोहोंचा विचार करणे आवश्यक आहे. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजहून नळ आणून शहरात हौद बांधले गेले. त्यामुळे त्या हौदांजवळच्या पेठांतील स्त्रियांच्या खेपा कमी झाल्या. मुंबईस १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी आले. इतरत्र मात्र आड, विहीर, नदी किंवा नदीच्या पात्रातील झरा हाच आधार होता. ‘चुंबळ’ ही वस्तू एवढीशी, डोक्यावर घागरीखाली ठेवावयाची कापडाची वळी. परंतु तिला स्वतंत्र नाव मिळाले, यावरून त्या कामाची नित्यता कळते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील स्त्रियांना गावच्या विहिरीवर जाण्याची मुभा नव्हती. दुसऱ्याने वरून पाणी ओतीपर्यंत थांबणे, किंवा दूरच्या ओढ्यावर जाणे, असा कालव्यय त्यांच्या श्रमात मिळवावा लागतो. जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, आणि १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. या घटनांकडे आपण हक्कांच्या इतिहासातील टप्पे म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण प्रत्येक घरात पाणी आणणारे माणूस बहुधा स्त्री होते, हे ध्यानात घेतल्यास त्या घटना घरकामाच्या इतिहासातही तितक्याच महत्त्वाच्या ठरतात.

२. कर्ता नसलेली नामे

आता शब्दांच्या घडणीकडे वळू. दळण, कांडण, सारवण, वाळवण, साठवण ही नामे पाहावीत. ही सर्व धातूस ‘-ण’ हा प्रत्यय लागून झालेली आहेत. त्यांचा विशेष असा की, त्यांतील प्रत्येक शब्द क्रियेचे आणि वस्तूचे अशा दोन्ही अर्थी येतो. दळण म्हणजे दळण्याची क्रिया आणि दळावयाचे धान्यही. सारवण म्हणजे सारविणे आणि सारविण्यासाठी कालविलेले शेणही. वाळवण म्हणजे वाळविणे आणि उन्हात घातलेले पापड-सांडगेही. काम आणि जिन्नस या दोहोंना या शब्दांत स्थान आहे. करणारीला मात्र त्यांत स्थान नाही.

याउलट त्याच कामासाठी पैसा किंवा धान्य मोजावे लागले की भाषा तत्काळ दुसरे रूप घडविते. दळल्याबद्दल द्यावयाची मजुरी ती ‘दळणावळ’, कांडल्याबद्दलची ‘कांडणावळ’, शिवल्याबद्दलची ‘शिवणावळ’, सोनाराची ती ‘घडणावळ’. येथे ‘-णावळ’ हा प्रत्यय मोबदल्याचा वाचक आहे. तीच गोष्ट कर्त्याच्या नावांची. मोलाने पाणी भरणाऱ्याला ‘पाणक्या’ हे नाव मिळाले, मोलाने स्वयंपाक करणाऱ्यास ‘आचारी’. घरातील जी सून तेच पाणी रोज आणी आणि तोच स्वयंपाक रोज करी, तिला त्या कामावरून नाव पडले नाही; ती नात्यानेच ओळखली गेली. थोडक्यात, मोबदला आला की कर्ता शब्दांत प्रकट होतो आणि मोबदला नसेल तेथे तो नात्यात विरून जातो. कारकुनाच्या वहीतील मौन आणि भाषेतील हे मौन एकाच व्यवहाराची दोन रूपे आहेत.

‘स्वयंपाक’ हा शब्द या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. त्याचा मूळ अर्थ स्वतः रांधणे, म्हणजे दुसऱ्याच्या हातचे न खाता आपले अन्न आपण शिजविणे, असा होतो. मराठीत मात्र तो अन्न शिजविण्याच्या क्रियेस सरसकट रूढ झाला, आणि ती क्रिया करणारी स्त्री स्वतःसाठी नव्हे तर सर्वांसाठी रांधू लागली. ‘संसार’ आणि ‘प्रपंच’ या तत्त्वज्ञानातील शब्दांनाही मराठीत असाच अर्थ आला. जन्ममरणाचे चक्र दाखविणारा ‘संसार’ भांड्याकुंड्यांपर्यंत उतरला. संत ज्यातून सुटावयाचे म्हणतात आणि गृहिणी जो मांडते, तो शब्द एकच आहे.

या पद्धतीच्या मर्यादा सांगणे अवश्य आहे. शब्दावरून एखादी क्रिया होती हे कळते; ती किती घरांत, किती तास आणि कोणत्या दशकात होती, हे कळत नाही. यास्तव शब्दांचा पुरावा आत्मचरित्रे आणि ओव्या यांच्याशी ताडून पाहिल्यावाचून वापरू नये.

३. भार कोणाच्या खांद्यावर?

‘घरातील स्त्री’ असा एकवचनी प्रयोग आपण सहज करतो. पण जुन्या घरात स्त्रिया अनेक असत आणि त्यांच्यात उतरंड असे. ‘माहेर’ हा शब्द ‘मातृगृह’ या शब्दापासून, तर ‘सासर’ हा ‘श्वशुरगृह’ या शब्दापासून आला. एक घर आईच्या नावाने आणि दुसरे सासऱ्याच्या नावाने ओळखले जाते. ‘सासुरवास’ म्हणजे वस्तुतः सासरी राहणे. परंतु मराठीत त्याचा रूढ अर्थ छळ असा झाला आहे. निवासवाचक शब्दाला छळाचा अर्थ यावा, यापरते बोलके अर्थांतर क्वचितच सापडेल. कष्टाची कामे धाकट्या सुनेकडे, स्वयंपाक मधल्या फळीकडे आणि कोठीच्या किल्ल्या सासूकडे, अशी विभागणी मोठ्या घरांत सामान्यतः आढळते. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या ग्रंथात पतीच्या आग्रहाने चाललेले शिक्षण आणि त्याला घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा असलेला विरोध यांचे चित्रण आहे. त्या विरोधाचा अर्थ केवळ जुनाट मत एवढाच घेणे अपुरे आहे. जेथे कामाचा भार ठराविक हातांत वाटलेला असतो, तेथे एका जोडीने पुस्तक धरले तर तिचा वाटा इतरांवर जातो, हेही विचारात घ्यावे लागते.

उतरंडीच्या तळाशी दोन प्रकारच्या स्त्रिया होत्या. एक, घरातील विधवा. ‘सोवळे’ हे मुळात शुचितेच्या अवस्थेचे नाव. ‘सोवळी’ हे मात्र केशवपन झालेल्या विधवेचे नाव झाले. ती सदैव सोवळ्यात, म्हणून स्वयंपाकाला सदैव योग्य. शिवाय आश्रित, म्हणून नकार देण्यास असमर्थ. कर्मठ घरांतील चूल अनेकदा अशा स्त्रीच्या जिवावर पेटती राहिली. सोवळ्याचे नियम पुरुषांनीही पाळले, पण त्यांसाठी लागणारे पाणी, धुणे आणि वेगळे वाळत घातलेले वस्त्र ही व्यवस्था स्त्रियांची होती. लक्ष्मीबाई टिळक यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये (पहिला भाग १९३४) आपल्या वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाचे जे वर्णन केले आहे, ते विनोदी म्हणून वाचले जाते. एका माणसाच्या शुचितेपायी घरातील सर्व स्त्रियांचे काम किती पटींनी वाढते, याचा तो उत्तम दाखला आहे.

दुसरा वर्ग कुणबिणींचा. पेशवाईत कुणबिणी म्हणजे दासी होत. त्यांची खरेदीविक्री होई, त्या बक्षीस दिल्या जात आणि पळून गेल्यास त्यांचा शोध घेतला जाई. सरकारी कोठ्या, पागा आणि गोठे यांत, तसेच सरदार-सावकारांच्या वाड्यांत दळणकांडण आणि शेणगोठा हे त्यांचे काम असे. कंपनी सरकारच्या १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता गेली. पेशवे दप्तरात घरकाम करणाऱ्या स्त्रीचे नाव आढळते ते मुख्यतः येथे, म्हणजे ती विकत घेतलेली असते तेव्हा. मागील भागात सांगितलेल्या नियमाचे हे क्रूर प्रत्यंतर होय.

मोठ्या घराबाहेरच्या स्त्रीचा भार निराळा होता. शेतकरी आणि मजूर स्त्री शेतातील किंवा मोलाचे काम करून वर घर चालवी. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात मुक्ता या मातंग समाजातील विद्यार्थिनीने आपल्या स्त्रियांना बाळंतपणात डोक्यावर छप्परही मिळत नसल्याचे लिहिले आहे. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) या आत्मकथनात महारवाड्यातील स्त्रियांची उपासमार आणि मोळ्या विकून चालविलेला संसार यांची हकीकत आहे. जेथे घरात साठवण्यासारखे काही नाही, तेथे किल्ल्यांचा प्रश्नच उद्भवत नाही. पण उद्याच्या भाकरीची चिंता तेथे अधिकच तीव्र असते.

४. तरतुदीचे ओझे

आतापर्यंत सांगितलेला भार दुसऱ्याकडून करवून घेता येण्याजोगा होता. आता ज्या भाराकडे वळावयाचे तो तसा नाही. मराठीत त्याला ‘बेगमी’ असा नेमका शब्द आहे : पुढील काळासाठी, विशेषतः पावसाळ्यासाठी, आधी करून ठेवलेला साठा. कोकणात पावसाळ्याच्या तोंडाला ‘आगोट’ म्हणतात, आणि आगोटीपूर्वी जळण, मीठ, मिरची, डाळी, वाळवणे हे सर्व घरात येऊन पडावे लागे. कारण एकदा पाऊस सुरू झाल्यावर वाटा बंद होत. कणगी, पेव, बळद, रांजण, उतरंड, शिंके हे शब्द साठवणीच्या शास्त्राचे आहेत. कोणते धान्य कशात ठेवावे, त्यास कीड लागू नये म्हणून काय करावे, कशास केव्हा ऊन दाखवावे, हे सारे लिहून ठेवलेले नव्हते. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यासारखी पुस्तके येईपर्यंत पाककौशल्यही मुख्यतः तोंडी परंपरेनेच टिकले.

मापांच्या शब्दांतही हा फरक दिसतो. दोन कोळवी म्हणजे एक चिपटे, दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. पायलीच्या वरचे मण आणि खंडी मुलखागणिक बदलत. खंडी-मणाचा हिशेब खळ्यावर आणि सावकाराच्या वहीत चाले. तो लिहिला गेला आणि इतिहासकाराच्या हाती आला. चिपट्या-कोळव्यांचा हिशेब कोठीच्या अंधारात रोज चाले. तो मनातच राहिला. वर्षाची खंडी रोजच्या चिपट्यांनी भागून पुढच्या सुगीपर्यंत नेणे हा भागाकार गृहिणीचा. त्यात चूक झाली तर तिचे परिणाम आधी तिच्याच ताटात दिसत, कारण शेवटी जेवणारी तीच.

शिवाय ही टंचाई बोलून दाखविण्यासही भाषेचा संकोच होता. घरातील जिन्नस संपला तर ‘संपला’ न म्हणता ‘वाढला’ म्हणण्याची रीत आहे, जशी बांगडी फुटली तर ती ‘वाढली’ म्हणतात. हे अशुभनिवारण आहे हे खरे. पण त्याचा व्यवहारातील अर्थ असा की, उणीव ओळखणे, ती भरून काढणे आणि ती उणीव म्हणून न उच्चारणे, ही तिन्ही कर्तव्ये एकाच व्यक्तीकडे आली.

ग्रामीण भागात पती हा ‘कारभारी’ आणि पत्नी ‘कारभारीण’. हा दरबारातील शब्द घरात आला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. पत्नीच्या कामात कारभार आहे याची जाणीव लोकभाषेला होती. मात्र त्या कारभाराबरोबर अधिकार किती मिळाला, हे घरागणिक वेगळे होते. आनंदीबाई कर्वे यांच्या ‘माझे पुराण’मध्ये (१९४४) याचे स्पष्ट उदाहरण आहे. पती धोंडो केशव कर्वे यांची मिळकत आणि लक्ष विधवाश्रमाच्या कार्याकडे लागलेले असता घर चालते ठेवण्यासाठी त्यांना कराव्या लागलेल्या खटपटी त्यांनी परखडपणे सांगितल्या आहेत. एका थोर सार्वजनिक कार्यामागे असा एक अलिखित जमाखर्च होता, आणि तो स्वतः गृहिणीने लिहिला म्हणूनच आपल्यापर्यंत पोचला.

५. यंत्र आले तेव्हा

विसाव्या शतकात पिठाच्या गिरण्या प्रथम शहरांत आणि नंतर खेड्यांत पसरल्या. त्यांनी स्त्रियांचे जे श्रम वाचविले त्यांचे मोल कमी लेखता येणार नाही. जाते थांबले म्हणून ओवी हरपली, अशी हळहळ अनेकांनी व्यक्त केली आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी गोळा केलेल्या ओव्यांची संख्या एक लक्षाहून अधिक आहे. तो संग्रह झाला नसता तर स्त्रियांच्या विचाराचा फार मोठा ठेवा आपण गमावला असता. तथापि ओवीसाठी जाते राहावयास हवे होते, असे दळणाऱ्या स्त्रीने म्हटल्याचे आढळत नाही. ओवी ही त्या श्रमातून तिने काढलेली वाट होती. तेवढ्यावरून तो श्रम इष्ट ठरत नाही.

या स्थित्यंतराची खूणही ‘दळण’ याच शब्दात सापडते. पूर्वी दळण ‘दळीत’ असत. नंतर दळण ‘टाकू’ लागले आणि ‘आणू’ लागले. शब्दाचा क्रियावाचक अर्थ मागे पडून वस्तुवाचक अर्थ उरला : गिरणीत न्यावयाचा धान्याचा डबा. श्रम गेला. परंतु पीठ संपत आले आहे हे पाहणे, धान्य निवडणे, डबा वेळेवर पाठविणे आणि परत आला की नाही हे लक्षात ठेवणे, हे ज्या व्यक्तीकडे होते तिच्याकडेच राहिले. नळ, स्टोव्ह आणि पुढे गॅस यांच्या बाबतीतही थोड्याफार फरकाने हेच घडले.

राज्यकर्त्यांच्या नोंदीतील मौनही पुढे चालू राहिले. १९६१ च्या जनगणनेत केवळ घरकाम करणाऱ्या स्त्रियांची गणना ‘काम न करणाऱ्या’ वर्गात झाली. मोबदल्यावाचून कर्ता नाही, हा भाषेतील जुना नियम येथे शास्त्रीय कोष्टकात उतरलेला दिसतो. अखिल भारतीय प्रमाणावर काळाच्या विनियोगाची पाहणी २०१९ मध्ये झाली. तीत विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो आणि ते करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे, असे आढळले. जाते जाऊनही हे अंतर उरले आहे. आणि या मिनिटांत हाताने केलेले काम मोजले जाते. आठवण ठेवण्याचे काम त्यांत क्वचितच येते.

६. समारोप

वरील विवेचनावरून दोन गोष्टी अभ्यासकांपुढे ठेवाव्याशा वाटतात. एक, घरकामाच्या इतिहासाला साधने नाहीत ही समजूत खरी नाही. साधने आहेत, पण ती दप्तरखान्यात नसून कोशांत, ओव्यांत आणि आत्मचरित्रांत विखुरलेली आहेत. भांडी, मापे, साठवण आणि सोवळे यांविषयीचे शब्द बोलीवार गोळा करून त्यांचे अर्थ नोंदविण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज हाती घेता येईल, आणि ते लवकर घेणे इष्ट आहे, कारण कोळवे आणि चिपटे हाताळलेल्या स्त्रिया आता फार थोड्या उरल्या आहेत. त्यांच्याकडे केवळ शब्द विचारू नयेत. कोठीची किल्ली कोणाकडे होती आणि शेवटी कोण जेवत असे, हेही विचारावे.

दुसरे, जुन्या गृहिणीच्या कष्टांविषयी बोलताना केवळ जाते आणि उखळ यांकडे पाहिल्यास तिच्या भाराचा अर्धाच भाग दिसतो. उरलेला अर्धा भाग हिशेबाचा, दूरदृष्टीचा आणि उणीव झाकण्याचा होता. तो बुद्धीचा व्यापार होता आणि त्याला कोणी बुद्धीचा व्यापार म्हटले नाही. वर्षभराचे धान्य सुगीपासून सुगीपर्यंत पोचविणारी ती कारभारीण आर्थिक इतिहासाच्या ग्रंथांत खंडी-मणाच्या शेजारी बसविल्याखेरीज तो इतिहास पुरा झाला असे म्हणता येणार नाही.